उपासाले चालते

आमच्या सरांना ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. त्याच्याकडे सरांची एक तरी गोष्ट असते आणि ती 'मी तं बाप्पा थंडच पडलो' इथे येऊन थांबते. माझ्याकडच्या अशा गोष्टींनी टोपली भरेल. मी त्यांच्या हाताखाली फार्मसी शिकले, त्यांच्यामागे गावोगाव हिंडले आणि आता पांढुर्ण्यात स्वतःचं मेडिकल चालवते. म्हणजे सरांच्या धक्क्यांची मला एव्हाना सवय व्हायला हवी होती. ती काही झाली नाही. शेवटचा धक्का तर असा, की तो आठवला की मी अजून हातातलं काम बाजूला ठेवून नुसती बसून राहते.

पहिला धक्का सौंसरच्या कॉलेजातला. तोंडी परीक्षेसाठी वर्गात खोटं दुकान मांडलं होतं. टेबल म्हणजे काउंटर, टेबलामागे विद्यार्थी, आणि पेशंट म्हणून स्वतः सर. ते डोक्याला दुपट्टा गुंडाळून, कण्हत कण्हत, भिंतीला धरून आत आले. काउंटरवर आमच्या वर्गातला पहिला नंबर उभा होता. त्याने चिठ्ठी वाचली, पाकिटात गोळ्या भरल्या आणि त्या औषधाने काय काय त्रास होऊ शकतो ते अस्खलित इंग्रजीत म्हणून दाखवलं. सरांनी मान डोलावली, पाकीट फाडलं आणि सगळ्या गोळ्या एका दमात तोंडात टाकून वरून पाणी प्यायलं.

वर्गात किंकाळी उठली. एक मुलगी रडायलाच लागली, दुसरी प्राचार्यांच्या खोलीकडे धावत सुटली. धावत सुटलेली ती मी. प्राचार्यांना घेऊन परत आले तेव्हा सर शांतपणे दुपट्टा सोडून घडी करत होते. गोळ्या साखरेच्या होत्या.

"एका वेळी किती घ्याच्या, हे यानं मले सांगतलंच नाही," ते म्हणाले. "मंग म्या साऱ्या घेतल्या. आता मी मेलो. कोण जबाबदार?"

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. पहिला नंबर नापास झाला.

सर उंच, वाळके, बोलताना मान एका बाजूला टाकणारे. शर्ट पांढरा, आणि त्याच्या खिशाला कायम जांभळा डाग. तो कशाचा, ते पुढे येईलच. नागपूरच्या मोठ्या कॉलेजातली नोकरी सोडून ते सौंसरला आले होते. इथे लोकांना वाटायचं, काहीतरी भानगड करून आला असेल माणूस. भानगड एवढीच होती, की त्यांना एका शब्दाची खोड होती: 'काऊन?', म्हणजे का? डॉक्टरांना विचारायचे, अधिकाऱ्यांना विचारायचे, चहावाल्यालाही विचारायचे, आज चहा पातळ काऊन? आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचे नाहीत. नागपुरात असल्या माणसाला कोण किती दिवस सहन करणार?

त्या 'काऊन'मधूनच त्यांचं संशोधन निघालं. रामाकोन्याला आम्ही ब्लडप्रेशर तपासायचं शिबिर घेतलं होतं. बायकांचं प्रेशर काही केल्या आटोक्यात येईना. डॉक्टर डोस वाढवत होते, प्रेशर हसत होतं. सर एका म्हाताऱ्या बाईसमोर उकिडवे बसले.

"गोळी घेता नं बाई?"

"घेतो नं. रोज घेतो."

"काल घेतली?"

"काल चतुर्थी होती नं बाप्पा!"

"अन् परवा?"

"परवा गुरुवार. गुरुवारी कशी घेऊ?"

सर उठले ते थेट पुढच्या बाईकडे. तिचा सोमवार आणि एकादशी. तिच्या जावेचा शनिवार. नवरात्रात तर अख्ख्या गल्लीने गोळ्यांना सुट्टी दिलेली. आम्ही पोरी एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्या घरी, आमच्या आया-काकू हेच करत होत्या आणि ते औषधाच्या आड येतं हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. डॉक्टरांच्याही नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली, कंपनी बदलली, मीठ बंद केलं. उपास कुणी विचारला नाही.

हे संशोधन सरांनी नागपूरच्या परिषदेत मांडलं तेव्हा मी सोबत होते. सगळे वक्ते पडद्यावर आलेख दाखवत होते. सरांनी पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, तिथीवारांचं, किराणा दुकानदार फुकट देतो तसलं, आणि फळ्याला टांगलं. त्यावर प्रेशरचे आकडे लाल पेनाने लिहिलेले. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आकडा वर. सणावारांच्या महिन्यात तर नुसता शिमगा. सभागृहात आधी हशा झाला. मग तो हळूहळू विरला आणि पहिल्या रांगेतले एक मोठे डॉक्टर चष्मा काढून पुसायला लागले.

पण इलाज काय? सरांनी एका भटजींना गाठलं. भटजी म्हणाले, औषधाला दोष नाही, खुशाल घ्यावं. सर ते सांगत घरोघर फिरले आणि बायकांनी ऐकून घेतलं, चहा दिला, गोळी काही घेतली नाही. एकजण म्हणाली, "त्याहिले सांगाले काय जाते? उपास तं माहा आहे!"

मग सरांनी शिक्का बनवून घेतला. रबराचा, लाकडी मुठीचा, जांभळ्या शाईचा. त्यावर अक्षरं: 'उपासाले चालते'. गोळ्यांच्या पाकिटावर ते तो ठोकायला लागले. एवढा शिकलेला माणूस, ज्याचे लेख बाहेरदेशी छापून येतात, तो खिशात शिक्का आणि शाईची डबी घेऊन गावोगाव फिरतो आहे! कॉलेजात लोक उघड म्हणायचे, बह्याड झाले सर, डोकं फिरलं त्यांचं. मलाही लाज वाटायची. पण शिक्का पाहिला की बायका गोळी घ्यायच्या. भटजीच्या तोंडावर जो विश्वास नव्हता तो त्या जांभळ्या अक्षरांवर बसला.

कारण शिक्का कुणावरही बसत नसे, हे त्यांना ठाऊक होतं. गोळी घट्ट बांधायला कंपन्या पीठ वापरतात. कुणी मक्याचं, कुणी बटाट्याचं. मका उपासाला चालत नाही, बटाटा चालतो. सर कंपन्यांना फोन करून विचारायचे, तुमच्या गोळीत पीठ कायचं आहे? पलीकडच्या माणसाला वाटायचं कुणीतरी थट्टा करून राहिलं. मक्याची गोळी असेल तर सर शिक्का मारत नसत, बटाट्याची शोधून आणत. गाईची शपथ न घालता विचारलं तरी सर खरंच सांगतील, असं रामाकोन्यात म्हणायचे.

कॅप्सूलवर मात्र शिक्का कधीच नाही. कॅप्सूलचं टोपण जनावराच्या हाडाकातड्यापासून करतात. आम्हाला त्यांनी बजावून ठेवलं होतं, "कोणी विचारलं नाही तं गप राहा. विचारलं तं खरं सांगा. पण ज्या दिवशी खोटा शिक्का मारला, त्या दिवशी हे काम सोडून द्याचं. मंग संत्री विका, कापूस विका, औषधाले हात नाही लावाचा."

आमचं सरकार भोपाळचं. त्याने सरांना तिथल्या एका समितीवर घेतलं तेव्हा सौंसरला पेढे वाटले. खेड्यातल्या दवाखान्यांत औषधं कशी द्यावीत, त्याचं धोरण ठरवणारी समिती. पहिल्याच बैठकीत सरांनी टेबलावर शिक्का ठेवला. एका साहेबांनी तो उचलून उलटासुलटा पाहिला.

"ये दवा है कि साबूदाना?"

"साहब," सर म्हणाले, "साबूदाना तो लोग खा रहे हैं. दवा नहीं खा रहे. इसलिए मैं दवा को साबूदाना बना रहा हूँ."

दोन वर्षं ते भोपाळला चकरा मारत होते. शिक्का काही मंजूर झाला नाही. सरकारी पुस्तिकेत मात्र एक ओळ आली: दवा देते समय मरीज से उपवास के बारे में पूछें. सरांची भोपाळची सगळी कारकीर्द म्हणजे ती ओळ. त्यांनी ती मला वाचून दाखवली आणि असा चेहरा केला, जसा मुलगा कलेक्टर झाल्यावर बापाचा होतो.

आता माझ्या आईची गोष्ट. ही सांगताना मला अजून राग येतो.

आईला क्षय झाला होता. तेव्हा त्या औषधात एक लाल कॅप्सूल असायची, रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची. आई रामाकोन्याची, सरांच्या शिक्क्यावर वाढलेली म्हणा ना. एरवी ती घ्यायची, पण उपास आला की हटून बसायची, सरांचा शिक्का आणून दे, मग घेते. मी पुष्कळ टाळलं. शेवटी ती स्वतःच बसमध्ये बसून सौंसरला निघाली, मी मागोमाग. सरांच्या घरी पोचलो. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, चहा टाकला. आईने पाकीट पुढे केलं.

"सर, याच्यावर मारून द्या."

सरांनी पाकीट उघडून पाहिलं. मी आईच्या पाठीमागे उभी राहून दोन्ही हातांनी खुणा करत होते, बोलू नका, बोलू नका!

"नाही मारत," सर म्हणाले.

"काऊन?" आईने विचारलं. त्यांचाच शब्द त्यांच्या तोंडावर.

मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी गोलमाल बोलेल. समोर बाई खोकून खोकून अर्धी झालेली आहे, तिची लेक हात जोडते आहे. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"बाई, हे टोपण जनावराच्या हाडाकातड्याचं असते."

काकू चहाचा कप घेऊन दारात तशाच थबकल्या. आई उठली, नळावर गेली आणि चूळ भरत राहिली. चहाला तिने हात लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून औषध बंद. बाबा माझ्यावर ओरडले, "तुहा मास्तर औषध देते का माणसं मारते?" तडक सौंसर गाठलं. मी सरांच्या घरी जाऊन त्यांना नको नको ते बोलले. एक खोटं बोलला असता तर तुमचं काय गेलं असतं, असं मी ओरडून विचारलं. ते ऐकून घेत होते. काकूही ऐकत होत्या.

त्याच दुपारी सर नागपूरच्या बसमध्ये बसले. मे महिना, ऊन असं की डांबर पायाला चिकटावं. नागपूरची सगळी ठोक दुकानं त्यांनी पालथी घातली आणि तेच औषध, तीच ताकद, पण गोळीच्या रूपात शोधून काढलं. कंपनीला फोन केला, पीठ बटाट्याचं निघालं. दुसऱ्या दिवशी ते रामाकोन्याला आमच्या ओट्यावर हजर. तोंड उन्हाने काळवंडलेलं. खिशातून शिक्का काढला आणि आईसमोर पाकिटावर ठोकला.

"हे खरं आहे नं सर?" आईने विचारलं.

"बाई, खोटं बोलाचं असतं तं मी परवाच बोललो असतो. नागपूरची चक्कर तं वाचली असती."

आई हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. ती बरी झाली, आणि पुढे दरवर्षी आंबिया बहाराची पहिली संत्री सरांच्या घरी जायला लागली. माझा राग मात्र पूर्ण गेला नाही. नागपुरात ती गोळी मिळाली म्हणून ठीक. नसती मिळाली तर? हा प्रश्न मी सरांना कधी विचारला नाही. त्याचं उत्तर मला मागच्या वर्षी मिळालं.

मागच्या वर्षी काकूंना रक्ताचा आजार निघाला. रक्त घट्ट होत जातं, त्याची गाठ कुठेही जाऊन बसू शकते. नागपूरच्या डॉक्टरांनी औषध दिलं, रोज घ्यायचं, जन्मभर, एकही खाडा चालणार नाही. औषध कॅप्सूलमध्ये. काकू कडक उपासवाल्या. गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, वर सणावारांचे वेगळे. दर शनिवारी जामसांवलीला जाऊन मारुतीला तेल घालून येणार, मगच पाणी.

सरांनी गोळी शोधायला सुरुवात केली. मीही माझ्या ओळखीत फोन लावले, नागपूर, इंदूर, भोपाळ. हे औषध गोळीत कुठेच मिळेना. शाकाहारी टोपणं निघाली आहेत, पण या औषधाला ती कुणी वापरत नव्हतं. आतली भुकटी काढून दुसऱ्या टोपणात भरावी, तर औषध असं जहाल की नुसतं हाताला लागणंही वाईट. सर वयाच्या मानाने ताठ होते, पण त्या दोन महिन्यांत म्हातारे दिसायला लागले. मध्येच एके दिवशी काकूंच्या हातातून कप गळून पडला, आणि थोडा वेळ तो हात त्यांच्या ताब्यातच नव्हता. डॉक्टर म्हणाले, या वेळी निभावलं, पुढच्या वेळचं सांगता येत नाही. औषध नीट घेतात ना? सर म्हणाले, घेते.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. सर ओसरीत खुर्चीवर बसले होते. मी बसते न बसते तोच त्यांनी खिशातून शिक्का काढून माझ्या हातात ठेवला. शाईची डबीही.

"घेऊन जा."

"मला कशाला सर?"

"तुह्या दुकानात ठेव. माह्यापाशी नको आता."

मला वाटलं, थकले असतील. मी शिक्का पर्समध्ये टाकला आणि काकूंना भेटायला स्वयंपाकघरात गेले. काकू जामसांवलीहून नुकत्याच आल्या होत्या, कपाळाला शेंदूर होता. ओट्यावर पाण्याचा पेला आणि शेजारी औषधाचं कागदी पाकीट. त्यांनी पाकिटातून पत्ता, म्हणजे कॅप्सूलची पट्टी, काढली आणि त्यातली एक कॅप्सूल. पाकिटावर जांभळा शिक्का होता. उपासाले चालते.

मी पाहतच राहिले. तीच अक्षरं, तीच शाई, 'चा'चा काना जरा तुटलेला, माझ्या ओळखीचा. कॅप्सूलवर! सरांनी! माझ्या मरायला टेकलेल्या आईसाठी ज्याने एक शब्द गोलमाल केला नाही, त्या माणसाने! क्षणभर मला इतका राग आला की ओसरीत जाऊन तो शिक्का त्यांच्या अंगावर फेकावा. आणि त्याच क्षणी ओसरीत खुर्चीवर बसलेला, शिक्का देऊन टाकलेला माणूस डोळ्यांपुढे आला. ज्या दिवशी खोटा शिक्का मारला त्या दिवशी हे काम सोडून द्यायचं, ते आम्हाला सांगायचे. त्यांनी सोडलं होतं.

"काकू..." मी म्हटलं.

काकूंनी कॅप्सूल तोंडात टाकली, पाणी प्यायलं, पदराने तोंड पुसलं.

"अशी काऊन पाहून राहिली? मले माहीत आहे."

"काय?"

"टोपणाचं. तुह्या आईले सांगतलं तेव्हा मी दारातच होती नं, चहा घेऊन."

काकू स्टुलावर टेकल्या आणि आवाज खाली आणून बोलायला लागल्या.

"मी त्याहिले कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तं त्याहिले खरं सांगा लागलं असतं. मी आपली उपासाच्या दिवशी घेत नव्हती, बस. गपचाप. मंग तो कप पडला. त्याहिनं पत्ते पाहिले, किती उरले ते. काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिटावर हा शिक्का."

"आणि तुम्ही घेतली?"

"घेतली. काऊन नाही घेऊ? साडी चांगली दिसते म्हणून या माणसानं कधी मले खोटं सांगतलं नाही. भाजीत मीठ कमी असलं तं पाव्हण्यासमोर सांगाचे. माहा बाप वारला तेव्हा साऱ्याहिनं मले सांगतलं, बिमार आहे, चाल लवकर. याहिनं एकट्यानं खरं सांगतलं, स्टँडवर, साऱ्या लोकासमोर. तो माणूस माह्यासाठी खोटं बोलला. मी ते वाया जाऊ देऊ?"

त्यांनी पाकिटाची घडी नीट केली आणि डब्यात ठेवली.

"त्याहिचं खरं मोडलं, माहा उपास मोडला. झाली फिट्टंफाट. मारुतीले मी सांगून आली आहे. तू याहिले नको सांगू."

मी ओसरीत आले. डोळे पुसूनच आले होते, पण सरांची नजर अजून तेज आहे. ते हातातल्या वर्तमानपत्रावरून माझ्याकडे पाहत होते. बोटांच्या टोकांना जांभळी शाई अजून होती.

"घेतली तिनं?"

"हो सर."

"काही म्हणाली?"

मी त्यांची विद्यार्थिनी. विचारलं तर खरं सांगायचं, हे त्यांनीच मला शिकवलेलं.

"नाही सर," मी म्हटलं. "काहीच म्हणाल्या नाहीत. शिक्का पाहिला अन् घेतली."

सर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मान एका बाजूला टाकून, अगदी परीक्षेत बघायचे तसे. मी वाट पाहत होते त्यांच्या त्या शब्दाची. मग ते पुन्हा वर्तमानपत्र वाचायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला 'काऊन' विचारलं नाही.